बालकाच्या आहारात मासळी : केव्हा व कशी?

वसईच्या किनारपट्टीवरील घरांत मासळी नित्याची. तरीही बाळ वरचे अन्न घेऊ लागले की पालकांना काट्याची धास्ती वाटते. ती रास्त आहे. मात्र तिच्यापायी मुलाला मासळीपासून वंचित ठेवू नये. मासळीतील प्रथिने, ब-१२ जीवनसत्त्व, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीस उपयुक्त ओमेगा-३ स्निग्धाम्ले या वयात मोलाची असतात.

सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीला मासळी देता येते. प्रारंभी पापलेट किंवा रावस पूर्ण शिजवावा, बोटांनी चुरून काटे काढावेत व चमचाभर मऊ भातात कालवावा. बारीक काटा नजरेतून सुटतो, पण बोटांना लागतो. पहिल्या वर्षी वरून मीठ घालू नये. खारवलेली सुकी मासळीही टाळावी.

काही मुलांना मासळीची ॲलर्जी असते. म्हणून प्रथम ती दिवसा द्यावी व त्याच दिवशी दुसरा नवा पदार्थ देऊ नये. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले वा उलट्या झाल्या तर मासळी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेण्यास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मुशीच्या अंगात हाडांऐवजी कूर्चा असते, त्यामुळे ती मुलांसाठी सोयीची वाटते. परंतु मुशी इतर मासे खाऊन जगते व त्यांच्यातील पारा तिच्या शरीरात साठत जातो. शिजवल्याने तो नाहीसा होत नाही आणि वाढत्या मेंदूला तो घातक ठरतो. म्हणून मुशी व थोराड सुरमई लहान मुलांना देऊ नये. कमी पारा असलेली मासळी एक ते तीन वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे २८ ग्रॅम द्यावी, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

ताजेपणाही तितकाच महत्त्वाचा. बांगडा किंवा कुपा बर्फाविना राहिल्यास त्यात हिस्टामिन हे द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही.

घशात काटा अडकलाच, तर कोरड्या भाताचा गोळा वा केळे गिळायला देऊ नये. त्याने काटा अधिक रुतू शकतो. अशा वेळी मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावे.