द्राक्षमळ्याच्या दारात

‘वाइन’ म्हटले की आपल्याकडे पुष्कळ घरांत अजूनही कपाळाला आठ्या पडतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु नाशिक जिल्ह्यात वाइन हा जसा पिण्याचा विषय आहे, तसा तो शेतीचाही आहे. आणि त्या बाजूने आपण त्याचा विचार केला पाहिजे.

खाण्याचे द्राक्ष नाशवंत. तोडणी झाली की ते लवकर खपले पाहिजे. म्हणून पुष्कळदा व्यापारी सांगेल तो भाव पत्करावा लागतो. वाइन मात्र टिकते. तिच्यासाठी शिराझ, शेनिन ब्लाँ अशा बियांच्या निराळ्या जाती लावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. यीस्टमुळे रसातील साखरेचे मद्यार्क बनते. काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवला की लाल वाइन होते; नुसता रस आंबवला की पांढरी. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारण एक किलो द्राक्षे लागतात.

शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने २००५ साली मळ्यावरच वाइन चाखण्याची सोय केली. पुढे इतरांनीही ती केली आणि मळ्यावर जाऊन, चाखून बाटली घेण्याची पद्धत रुळली.

अशा खरेदीचा लाभ कोणता? केवळ स्वस्ताई नव्हे. छापील किमतीत मळ्यावर फारसा फरक पडेलच असे नाही. खरा लाभ म्हणजे विचारता येते. द्राक्षे कोणत्या वर्षाची? जात कोणती? बाटली ऊन आणि उष्म्यापासून दूर ठेवली होती का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : द्राक्षे कोणाच्या मळ्यातली?

कारण अनेक कारखाने स्वतःच्या मळ्याखेरीज कराराने इतर शेतकऱ्यांचीही द्राक्षे घेतात. म्हणजे ‘उत्पादक’ दोन झाले : एक वाइन करणारा, दुसरा द्राक्ष पिकवणारा. गिऱ्हाइकाची भेट होते ती पहिल्याशी. दुसऱ्याच्या पदरात काय पडते, ते करारावर अवलंबून असते. भाव कसा ठरणार, गोडी कोण मोजणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हे सारे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले हवे.

महाराष्ट्रात वाइन विकत घेण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात; तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना ती घेता येणार नाही, आणि त्यात काही बिघडतही नाही. पण आपल्यातील कित्येकजण द्राक्षे पिकवणाऱ्या गावांतून कॉलेजात आले आहेत. घरात असा करार आला, तर अंगठा किंवा सही होण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवणे व समजावून सांगणे, एवढे काम आपल्या शिक्षणाने निश्चितच करावे.