दुकानातील दोन संगणक एकमेकांशी का बोलत नाहीत?

व्यापारी बंधूंनो, अकोला-अमरावतीच्या कापड दुकानांत गल्ल्यावर विंडोज ११ आणि गोदामात जुना एक्सपी किंवा लिनक्स, अशी जोडी आढळते. ऐन ईदच्या गर्दीत गोदामाचे सामाईक फोल्डर उघडत नाही आणि बिले अडतात. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी क्रमाने पाहावे.

प्रथम दोन्ही संगणक एकाच राउटरवर आहेत ना, हे तपासा. मग गोदामाच्या संगणकाचे नाव न टाकता त्याचा आयपी पत्ता टाका. फोल्डर उघडले तर दोष फक्त नावाचा. पासवर्ड मागितला तर तो त्याच संगणकावरील खात्याचा द्यावा. लिनक्सवर 'सांबा' असते. तिचा पासवर्ड वेगळा नोंदवावा लागतो. विंडोज ११ प्रो बिनपासवर्डाचे फोल्डर सहसा उघडत नाही.

तरीही अडले तर दोघांची भाषा वेगळी आहे. या भाषेचे नाव एसएमबी. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. विंडोज ७ ला दुसरीही येते. २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये पहिली आवृत्ती सहसा बंद असते. कोणी ती चालू करून देतो म्हणाला, तर नको म्हणा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने तिच्यातील खोटीतूनच जगभरच्या फाईलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती.

एक्सपी बदलणे हाच खरा इलाज. तोवर हिशेबाची नक्कल रोज पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवा. उधारीची वही ही गिऱ्हाइकांची अमानत आहे.