डाटाबेस मोफत, जबाबदारी मात्र आपली

ग्रंथालयातील सभासदांची यादी, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, गृहनिर्माण संस्थेचा देखभाल खर्चाचा हिशेब ही सारी माहिती आधी वहीत असते आणि मग संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात जाते. काही दिवस तक्ता उत्तम चालतो. पुढे दोन कर्मचारी एकाच वेळी तीच यादी आपापल्या संगणकावर दुरुस्त करतात, एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या प्रतीत येत नाही आणि खरी यादी कोणती, असा प्रश्न उभा राहतो. डाटाबेसची गरज भासू लागते ती येथे.

हा डाटाबेस विकत घ्यावाच लागतो असे नाही. मुक्तस्रोत प्रकारातील पोस्टग्रेएसक्यूएल ही प्रणाली कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. तिला बोलीभाषेत पोस्टग्रेस म्हणतात. ती संगणकावर बसविण्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मात्र ‘बसविणे’ आणि ‘मांडणी करणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम इन्स्टॉलर करून देतो, तर दुसरे स्वतःच करावे लागते. माहिती गमावण्याची वेळ बहुधा दुसऱ्या कामातील हयगयीमुळेच येते.

बर्कलेहून निघालेला प्रवास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले संकुलात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६मध्ये ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू केला. त्यांच्या आधीच्या ‘इन्ग्रेस’ या डाटाबेसनंतरचा, म्हणून हे नाव. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी १९९४मध्ये त्यात एसक्यूएल ही प्रश्नभाषा आणली. १९९६पासून तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने ओळखला जाऊ लागला. स्टोनब्रेकर यांना पुढे २०१४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आज या प्रणालीवर कोणत्याही एका कंपनीची मालकी नाही. जगभरातील प्रोग्रामर मिळून तिचा विकास करतात. परवाना इतका उदार आहे की ती वापरावी, बदलावी, व्यवसायातही लावावी, शुल्क नाही. मुख्य आवृत्ती साधारणपणे वर्षातून एकदा येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १३व्या आवृत्तीची ही मुदत नोव्हेंबर २०२५मध्ये संपली. जुन्या पुस्तकात किंवा लेखात दिलेली आवृत्ती डोळे मिटून बसवू नये, ती यासाठीच.

पंधरा मिनिटांचे काम

विंडोज संगणकावर हे काम नेहमीच्या प्रोग्रामसारखेच आहे. पोस्टग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजसाठीच्या इन्स्टॉलरकडे जाता येते. हा इन्स्टॉलर एंटरप्राइझडीबी ही कंपनी तयार करते आणि तिचे कार्यालय पुण्यातही आहे. इन्स्टॉलर मोजकेच प्रश्न विचारतो. माहिती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, ‘पोस्टग्रेस’ नावाच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड काय आणि पोर्ट कोणते, असे ते प्रश्न असतात. पोर्टचा ठरलेला क्रमांक ५४३२ असून तो सहसा बदलावा लागत नाही. पासवर्ड मात्र त्याच क्षणी सुरक्षित जागी लिहून ठेवावा. ‘पुढे’ हे बटण दाबण्याच्या घाईत काय टाइप केले, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, असा अनुभव अनेकांना येतो.

लिनक्सवर काम आणखी सोपे आहे. उबुंटू किंवा डेबियनमध्ये एका आज्ञेत प्रणाली बसते आणि लगेच सुरूही होते. रेड हॅटच्या घराण्यातील फेडोरासारख्या प्रणालींत माहितीचा फोल्डर तयार करण्याची आणि सेवा चालू करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

नवखा माणूस लिनक्सवर अडखळतो तो पुढच्या पायरीवर. तो स्वतःच्या नावाने डाटाबेसमध्ये शिरू पाहतो आणि त्या नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नसल्याचा संदेश येतो. यात काही बिघडलेले नसते. संगणकाचा वापरकर्ता आणि डाटाबेसचा वापरकर्ता या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, एवढेच ध्यानात घ्यायचे. प्रथम संगणकावरील ‘पोस्टग्रेस’ या खात्याच्या नावाने आत जावे, तेथे आपल्यासाठी नवा वापरकर्ता व नवा डाटाबेस निर्माण करावा आणि मग रोजचे काम त्या नव्या नावाने करावे.

मराठी मजकुरासाठी आधीच घ्यावयाचा निर्णय

मराठी नावे व पत्ते साठवायचे असतील, तर डाटाबेस तयार करतानाच त्याची अक्षरसंहिता यूटीएफ-८ आहे ना, हे तपासावे. बहुतेक ठिकाणी ती आपोआप निवडली जाते. परंतु भाषेची मांडणी न केलेल्या एखाद्या सर्व्हरवर डाटाबेस नुसत्या एएससीआयआय प्रकारात तयार होण्याची शक्यता असते. तसे झाल्यास ‘पुणे’ या शब्दाची लांबी चारऐवजी बारा मोजली जाते, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट जागा घेते आणि हा डाटाबेस चिन्हे न मोजता बाइट मोजतो. एकदा तयार झालेल्या डाटाबेसची संहिता बदलता येत नाही. सारी माहिती बाहेर काढून नव्या डाटाबेसमध्ये भरावी लागते.

अनुक्रमाचा प्रश्नही असाच आहे. भाषेचा नियम न सांगितल्यास संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकानुसार यादी लावतो. मग ‘क्षितिज’ हे नाव ‘क’च्या रांगेत शेवटी आणि ‘ज्ञानेश्वर’ हे ‘ज’च्या रांगेत जाऊन बसते. मराठी वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे स्थान शेवटी आहे. २०१७मधील १०व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या सामायिक भाषासंचाचे क्रमनियम वापरता येतात. त्यातील मराठीचा नियम निवडला की यादी आपल्या सवयीप्रमाणे लागते.

दाराला कुलूप कोणते?

जानेवारी २०१७मध्ये जगभरातील हजारो मोंगोडीबी डाटाबेसवर खंडणीखोरांनी हल्ला केला. मोंगोडीबी हीदेखील त्या वेळी मुक्तस्रोत परवान्याखालील प्रणाली होती. माहिती पुसून टाकून तिच्या जागी पैशांची मागणी करणारी चिठ्ठी ठेवण्यात आली. त्यासाठी कोणतेही कुलूप फोडावे लागले नाही. हे डाटाबेस पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे होते.

पोस्टग्रेसमध्ये अशी वेळ टाळण्यासाठी तीन पातळ्यांवर बंदोबस्त असतो. पहिली पातळी मुख्य मांडणीच्या फाइलमधील, कोणत्या पत्त्यावर हाक ऐकायची, या ओळीची. मुळात ती फक्त त्याच संगणकापुरती मर्यादित असते. कार्यालयातील इतर संगणकांसाठी ती वाढवावी लागली, तर नेमका अंतर्गत पत्ता द्यावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

दुसरी पातळी ‘पीजी-एचबीए’ या फाइलची. तिचे स्वरूप इमारतीच्या पहारेकऱ्याजवळील वहीसारखे आहे. कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या डाटाबेसमध्ये, कोणती ओळख पटवून यावे, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. पहारेकरी वरून खाली वाचतो आणि लागू पडणारी पहिलीच ओळ अमलात आणतो. त्या ओळीनुसार प्रवेश नाकारला गेला, तर पुढच्या ओळी तो पाहतही नाही. येथे ‘ट्रस्ट’ हा शब्द लिहिला की पासवर्ड विचारलाच जात नाही. प्रवेशाची अडचण आली की काही क्षणांसाठी ‘ट्रस्ट’ लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु ते क्षण पुढे वर्षभर लांबतात. त्याऐवजी ‘स्क्रॅम’ ही पासवर्डपद्धत ठेवावी. २०२१च्या १४व्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड याच पद्धतीने साठवले जातात.

तिसरी पातळी अधिकारांची. मुख्य वापरकर्त्याला सर्व काही करता येते, अगदी सारे पुसूनही टाकता येते. म्हणूनच कार्यालयीन सॉफ्टवेअरला त्याच्या नावाने जोडू नये. नोंदी वाचण्या-लिहिण्यापुरते अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता त्यासाठी करावा.

रोजकीर्द आणि खतावणी

वेगासाठी करावयाचा बदल एकच पुरे. डाटाबेस स्वतःसाठी मुळात १२८ एमबी सामायिक स्मृती राखून ठेवतो. केवळ डाटाबेससाठीच असलेल्या संगणकावर ती एकूण स्मृतीच्या पाव भागाइतकी, म्हणजे ८ जीबी असल्यास २ जीबी ठेवण्यापासून सुरुवात करावी.

वेग वाढवण्यासाठी ‘एफसिंक’ बंद करावे, असाही एक सल्ला कानावर येतो. तो मानू नये. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो आणि सवडीने खतावणीत चढवतो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून खतावणी पूर्ण केली जाते. ही रोजकीर्द खरोखरच डिस्कवर उतरली आहे, याची खातरजमा एफसिंक करते. ते बंद केले, तर वीज गेल्यावर हिशेब जुळेल याची शाश्वती उरत नाही.

पाच उपाय, एकही उपयोगी नाही

वीज गेली तर रोजकीर्द वाचवते. माणसाच्या हातून चूक झाली तर काय होते, याचा धडा गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ रोजी घेतला. प्रोग्रामरांचे काम जपून ठेवणाऱ्या या कंपनीचा डाटाबेस पोस्टग्रेसच होता. मुख्य सर्व्हर आणि त्याची सोबती प्रत यांतील बिघाड रात्री उशिरा दुरुस्त करताना एका अभियंत्याने प्रतीवरील फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हरवर होता. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती.

मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज निघणारी प्रत जेथे साठायला हवी होती, ती जागा रिकामी होती. डाटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन ९.२चे, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होते. त्याची सूचना देणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. अखेरीस चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतील काम कायमचे गेले. जवळपास पाच हजार प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती त्यात होती. कंपनीने हे सारे न लपवता स्वतः जाहीर केले, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले.

प्रत काढणे पुरेसे नाही

राखीव प्रतीसाठी पोस्टग्रेससोबतच ‘पीजी-डम्प’ हे साधन मिळते. ते रोज रात्री आपोआप चालेल अशी व्यवस्था करावी आणि प्रत दुसऱ्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी. हे साधन एकाच डाटाबेसची प्रत काढते. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड तिच्यात येत नाहीत, ते ‘पीजी-डम्पऑल’ने वेगळे काढावे लागतात. एका दिवसाचेही नुकसान परवडणारे नसेल, तर रोजकीर्दीच्या फाइलीही सतत दुसरीकडे पाठवण्याची सोय आहे.

त्याहून महत्त्वाचे काम तालमीचे. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडावी, सभासदांची संख्या जुळते का पाहावे आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. उघडून न पाहिलेली प्रत आहे की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यांसाठी हा आता केवळ शिस्तीचा भाग राहिलेला नाही. २०२३मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्रंथालयाची किंवा दवाखान्याची वही हरवली तर ती निदान एकाच गावात हरवते. डाटाबेसचे तसे नसते. तो बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी पासवर्ड, पहारेकऱ्याची वही आणि राखीव प्रत या तीन गोष्टींना एक दुपार दिली, तर मोफत मिळालेली ही प्रणाली खऱ्या अर्थाने स्वस्त पडेल.