कृत्रिम धावपट्टी (अश्वशर्यत)

कृत्रिम धावपट्टी म्हणजे घोड्यांच्या शर्यतींसाठी वाळू, कृत्रिम धागे, रबराचे तुकडे आणि मेण यांच्या मिश्रणातून तयार केलेला पृष्ठभाग होय. शर्यती परंपरेने गवतावर किंवा मातीवर होतात. कृत्रिम धावपट्टी हा तिसरा प्रकार आहे. ब्रिटनमध्ये ती १९८९ पासून वापरात असून तेथे तिच्याविषयी फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेत मात्र २००५ नंतर ती मोठ्या अपेक्षेने आली, तिच्यावर घोड्यांचे मृत्यू कमी होतात असे नोंदींतून दिसले, आणि तरीही पुढील दहा वर्षांत बहुतेक नामांकित रेसकोर्सनी ती उखडून पुन्हा माती अंथरली. या विषयावरील वाद मुख्यतः या विसंगतीचा आहे.

रचना व कार्य

थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा सुमारे ४५० ते ५०० किलोग्रॅम वजनाचा असतो आणि ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. भरधाव धावताना काही क्षण सगळा भार एकाच पायावर येतो, आणि तो घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. खूर टेकताना किंचित पुढे घसरतो, थांबतो आणि मग मागे रेटा देतो. जमीन किती दबते आणि खुराला किती घसरू देते, यावर हाडे, कंडरा व अस्थिबंध यांवरील ताण अवलंबून असतो.

अमेरिकेतील मातीची धावपट्टी वाळू, गाळ आणि चिकणमाती यांची असते. तिचा गुणधर्म ओलाव्यानुसार बदलतो. पाऊस येणार असे दिसले की वरचा थर दाबून सपाट केला जातो, म्हणजे पाणी मुरण्याऐवजी उतारावरून वाहून जाते. पण त्यामुळे पृष्ठभाग टणकही होतो. कृत्रिम धावपट्टीत वाळूच्या कणांवर मेणाचा लेप असल्याने पाणी त्यांना धरून राहत नाही. ते सरळ खाली झिरपते आणि तळाच्या खडीच्या थरातून व नळ्यांतून बाहेर काढले जाते. परिणामी पावसातही पृष्ठभाग बराचसा एकसारखा राहतो. पॉलिट्रॅक, टपेटा, कुशन ट्रॅक आणि प्रो-राइड ही या मिश्रणांची व्यापारी नावे होत. हॉकीच्या मैदानावरील कृत्रिम गवताशी किंवा धावपटूंच्या सिंथेटिक ट्रॅकशी या धावपट्टीचे साम्य नाही. दिसायला ती भुरकट वाळूसारखीच असते.

ब्रिटनमधील उगम

ब्रिटनमध्ये या धावपट्टीमागील मूळ हेतू सुरक्षिततेचा नव्हता. हिवाळ्यात जमीन गोठल्याने किंवा पाणी साचल्याने शर्यती रद्द होत आणि सट्ट्याचा व्यवसाय ठप्प होई. त्यावर उपाय म्हणून ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लिंगफील्ड येथे कृत्रिम पृष्ठभागावरील पहिली शर्यत झाली; त्यानंतर साउथवेल, वुल्व्हरहॅम्प्टन, केम्प्टन आणि न्यूकॅसल येथेही अशा धावपट्ट्या आल्या. त्यांना तेथे ‘ऑल-वेदर’ म्हणतात. ब्रिटनमधील मानाच्या शर्यती गवतावरच राहिल्यामुळे नव्या पृष्ठभागाने कोणाची जागा घेतली नाही, आणि विरोधही फार झाला नाही.

कॅलिफोर्नियातील सक्ती

अमेरिकेत परिस्थिती उलट होती. तेथे मुख्य धावपट्टी मातीची असते आणि केंटकी डर्बीसह बहुतेक प्रतिष्ठेच्या शर्यती तिच्यावरच होतात. २००५ मध्ये केंटकीतील टर्फवे पार्कने व २००६ मध्ये कीनलँडने पॉलिट्रॅक बसवला. २००६ मध्येच कॅलिफोर्नियाच्या अश्वशर्यत मंडळाने राज्यातील प्रमुख रेसकोर्सना २००७ च्या अखेरपर्यंत कृत्रिम धावपट्टी बसवणे बंधनकारक केले. त्याच वर्षी केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो प्रीकनेस शर्यतीत पाय मोडून जायबंदी झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. त्यामुळे घोड्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शर्यतीच्या वर्तुळाबाहेरही पोहोचला होता.

आदेश निघाला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे मिश्रण कसे वागेल याचा अनुभव थोडा होता, आणि घाईची किंमत मोजावी लागली. सांता अनिता येथे २००७ मध्ये बसवलेल्या कुशन ट्रॅकमधून पाण्याचा निचराच होईना. २००८ च्या जानेवारीतील पावसात शर्यती रद्द कराव्या लागल्या, आणि ज्या धावपट्टीचा मुख्य गुण पाऊस पचवणे हा होता तीच पावसाने बंद पडली. त्याच वर्षी तेथे प्रो-राइड हे दुसरे मिश्रण वापरावे लागले. डेल मार येथे वेगळी अडचण आली. तापमानानुसार मेण मऊ होत असल्याने सकाळच्या सरावाला लागणारा पृष्ठभाग आणि दुपारच्या शर्यतीचा पृष्ठभाग यांत फरक जाणवू लागला.

२००८ आणि २००९ ची ब्रीडर्स कप स्पर्धा सांता अनिता येथे प्रो-राइडवर झाली. २००८ च्या क्लासिक शर्यतीत ब्रिटनमध्ये प्रशिक्षित रेव्हन्स पास पहिला आला, तर मातीवरचा अमेरिकी विजेता कर्लिन चौथा आला. गवतावर धावणाऱ्या युरोपीय घोड्यांना हा पृष्ठभाग मानवतो, अशी तक्रार त्यानंतर वाढली. पुढच्या वर्षी कर्लिनचे मालक जेस जॅक्सन यांनी आपली नामवंत घोडी रेचल अलेक्झांड्रा हिला कृत्रिम पृष्ठभागावर उतरवण्यास नकार दिला. ती क्लासिक शर्यत झेन्याटाने जिंकली आणि ती जिंकणारी पहिली घोडी ठरली. पण त्या हंगामातील दोन श्रेष्ठ घोड्या समोरासमोर आल्याच नाहीत.

आक्षेप

विरोधकांचे आक्षेप एका प्रकारचे नाहीत. काही प्रशिक्षकांच्या मते कृत्रिम पृष्ठभागावर खूर पुरेसा घसरत नाही, त्यामुळे मागच्या पायांच्या आणि मऊ ऊतींच्या दुखापती वाढतात. अशा दुखापतींत घोडा मरत नाही, म्हणून मृत्यूंच्या आकडेवारीत त्या दिसत नाहीत. हा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. सट्टेबाजांना जुने अंदाज निरुपयोगी झाल्याचे दुःख होते. सर्वांत मोठा हितसंबंध पैदाशीचा होता. अमेरिकी घोड्यांची पैदास मातीवरील आरंभीच्या वेगासाठी होते आणि निवृत्त विजेत्याची किंमत त्याच कामगिरीवर ठरते. या युक्तिवादाला अपवादही आहेत. ॲनिमल किंगडम हा घोडा २०११ मध्ये टर्फवेच्या पॉलिट्रॅकवर जिंकून लगेच केंटकी डर्बी मातीवर जिंकला आणि २०१३ मध्ये दुबई वर्ल्ड कप टपेटावर जिंकला.

सांता अनिताने २०१० च्या अखेरीस, कीनलँडने २०१४ मध्ये आणि डेल मारने २०१५ मध्ये माती परत आणली. दुबईतील मेदान येथेही २०१० ते २०१४ या काळात टपेटा होती. अमेरिकी स्पर्धकांचा सहभाग रोडावल्यानंतर २०१५ पासून तेथील वर्ल्ड कप मातीवर होऊ लागला.

आकडेवारी

अमेरिकेतील जॉकी क्लबच्या दुखापत नोंदसंग्रहात शर्यतीनंतर ७२ तासांच्या आत झालेले मृत्यू मोजले जातात. २००९ मध्ये सर्व पृष्ठभाग मिळून दर १,००० सहभागांमागे २.०० मृत्यू नोंदले गेले. २०२२ मध्ये हे प्रमाण मातीवर १.४४, गवतावर ०.९९ आणि कृत्रिम धावपट्टीवर ०.४१ होते, २०२३ मध्ये ते अनुक्रमे १.४३, १.१३ आणि ०.९७ झाले. कृत्रिम पृष्ठभागावर शर्यती कमी होत असल्याने तेथील आकडा दरवर्षी बराच हलतो, आणि सरावातील मृत्यू या गणनेत नाहीत. तरीही क्रम सहसा हाच राहतो: मातीवर सर्वाधिक, कृत्रिम पृष्ठभागावर सर्वांत कमी.

एकूण प्रमाण घटण्याचे श्रेय केवळ पृष्ठभागाला देता येत नाही. औषधांवरील निर्बंध, शर्यतीपूर्वीची पशुवैद्यकीय तपासणी आणि मातीच्या धावपट्टीची सुधारलेली निगा यांचाही त्यात वाटा आहे.

नंतरच्या घडामोडी

२०१८–१९ च्या पावसाळी हंगामात, माती परत आणलेल्या सांता अनिता येथे ३० घोडे दगावले आणि मार्च २०१९ मध्ये रेसकोर्स काही काळ बंद ठेवावा लागला. २०२३ च्या वसंतात चर्चिल डाउन्स येथे १२ घोड्यांच्या मृत्यूनंतर शर्यती दुसरीकडे हलवण्यात आल्या. त्याच उन्हाळ्यात सॅराटोगा येथे मेपल लीफ मेल आणि न्यूयॉर्क थंडर हे दोन्ही घोडे आघाडीवर असताना, अंतिम रेषेजवळ कोसळले. कृत्रिम धावपट्टीचा विचार पुन्हा सुरू झाला तो या घटनांनंतर.

या वादाचा भारताशी थेट संबंध कमी आहे. मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यती गवतावर होतात, त्यामुळे माती की कृत्रिम पृष्ठभाग हा प्रश्न तेथे त्या स्वरूपात उभा राहत नाही.

कॅनडातील वुडबाइनने २००६ पासून कृत्रिम धावपट्टी कायम ठेवली आहे. फ्लोरिडातील गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये माती व गवत यांच्या जोडीला टपेटाची तिसरी धावपट्टी सुरू केली, आणि न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कच्या पुनर्बांधणीच्या आराखड्यातही मातीच्या मुख्य धावपट्टीबरोबर कृत्रिम धावपट्टी अंतर्भूत करण्यात आली. कॅलिफोर्नियातील आदेशापेक्षा ही पद्धत वेगळी आहे: मानाच्या शर्यती मातीवरच राहतात, आणि पावसाने गवत खराब झाल्यावर किंवा हिवाळ्यात कृत्रिम धावपट्टी वापरली जाते.