रेल्वेचा गडी, मोठ्या क्लबांचा गुरू

वाचकहो, २०२० साली वारलेले पी. के. बॅनर्जी ठाऊक आहेत ना? जन्म १९३६ चा, बंगालच्या जलपाईगुडी भागातला. मोहन बागान, ईस्ट बंगालकडून ते कधीच खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेचे. त्या संघानं १९५८ ची कलकत्ता लीग जिंकली. १९६० च्या रोम ऑलिंपिकला कप्तान, १९६२ ला जाकार्तात एशियाडचं सुवर्ण.

पुढं प्रशिक्षक झाले. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलला त्यांच्या ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं लोळवलं. अन् १९७६ ला हरलेल्यांनीच त्यांना बोलावून नेलं! सामन्याआधीच्या त्यांच्या बोलण्याला 'व्होकल टॉनिक' म्हणत. आम्हा कृषी खात्यातल्यांचंही काम जिभेवरच चालतं, पण एवढी धार कुठली? १९७७ ला पेले कॉसमॉस संघाबरोबर कलकत्त्याला आला, तेव्हा मोहन बागाननं २-२ बरोबरी साधली.