घरचें शिवणयंत्र : मांडणी व निगा

ज्या घरांत माणसें पुष्कळ, त्या घरांत शिवणाचें यंत्र बहुधा एकच असतें. सासूबाईंनीं हौसेनें घेतलेलें, थोरल्या सुनेनें मनापासून वापरलेलें, धाकटीनें त्यावर मुलांचीं पुस्तकें रचलेलीं, आणि नातवंडांनीं त्याच्या पायपट्टीवर बसून झोके घेतलेले, असें तें काळें, सोनेरी वेलबुट्टीचें यंत्र माजघराच्या कोपऱ्यांत जुन्या चादरीखालीं झांकून ठेवलेलें असतें. विचारलें तर 'बिघडलें आहे' एवढेंच उत्तर मिळतें. काय बिघडलें आहे, याविषयीं मात्र ज्याचें त्याचें निदान निराळें! वास्तविक अशीं यंत्रें क्वचितच मोडलेलीं असतात. तीं नुसतीं अडलेलीं असतात. तेल सुकलेलें, कापसाचा कीस सांचलेला, सुई बोथट झालेली, आणि या सर्वांवर उपाय म्हणून कोणीतरी फिरवून ठेवलेला एखादा स्क्रू. शेवटीं मोडीच्या भावानें यंत्र जातें आणि दहा वर्षांनीं त्याचीच हळहळ होते.

सोलापुरांत हा विषय केवळ हौसेचा नाहीं. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी व तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्या यांनीं या गांवाला कापडाचें गांव केलें. त्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले. परंतु चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग चालू आहेत, आणि शाळेच्या गणवेशांचा धंदा येथें चांगलाच फोफावला आहे. त्यांतील शिवणाचें पुष्कळसें काम स्त्रिया घरीं बसून करतात. शाळा जूनच्या मध्यास उघडतात, म्हणजे गणवेशांची घाई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत. आणि याच दोन महिन्यांत आमच्याकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, हवा अगदीं कोरडी पडते व धूळ घरभर होते. यंत्रांतील तेल लवकर सुकतें. त्यांत धूळ व कापसाचे तंतु मिसळून चिकट मळ तयार होतो. सुती दोराही कोरड्या हवेंत तुटका होतो. गिरण्यांच्या मागखात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत असत, तें याच कारणास्तव. ज्या भगिनीच्या घरखर्चाचे चार पैसे या यंत्रावर अवलंबून आहेत, तिला ऐन मे महिन्यांत दुरुस्तीवाल्याची आठ दिवस वाट पाहात बसणें कसें परवडावें?

यंत्राची रचना समजली म्हणजे त्याची निम्मी भीति जाते. १८४६ सालीं इलियास हौ या अमेरिकन गृहस्थानें जें पेटंट मिळविलें, त्यांतील युक्ति अशी कीं सुईचें नेढें टोकाशीं आणलें व एकाऐवजीं दोन दोरे घेतले. १८५१ सालीं सिंगरचें पेटंट झालें आणि पुढें हप्तेबंदीच्या विक्रीनें हें यंत्र मध्यम स्थितीच्या घरांतही पोंचलें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत स्थापन केलेल्या सेवासदनानें शिवणकाम हें स्त्रियांच्या स्वावलंबनाचें साधन मानलें. त्या संस्थेची शाखा सोलापुरांतही आहे. यंत्रांविषयीं एरवीं इतके कठोर असणाऱ्या महात्माजींनीं १९२४ सालीं आपल्या विरोधांतून शिवणयंत्राला वगळलें होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. असो. वरचा दोरा सुईबरोबर खालीं जातो, तेथें त्याचा फांस धरून शटल तो बॉबिनच्या दोऱ्याभोंवतीं फिरवितें, आणि वरचा तरफेसारखा दांडा तो खेंचून घेतो. दोन्ही दोऱ्यांची गांठ कापडाच्या पोटांत बसली म्हणजे टांका चांगला. बाकीचें सर्व शास्त्र एवढ्याच भोंवतीं आहे.

मांडणींत पहिला विचार जमिनीचा. आपल्याकडे घरोघरीं शहाबादी फर्शी. ती दिसते सपाट, पण यंत्राचा एक पाय जरी अधर राहिला तरी सबंध सांगाडा थरथरतो व टांके लहानमोठे पडतात. अधर पायाखालीं जाड पुठ्ठ्याची घडी घालावी. सुई यंत्राच्या डाव्या टोकाशीं असते, तेव्हां उजेड डावीकडून यावा. मात्र दुपारचें ऊन यंत्रावर व रिळांवर पडूं देऊं नये. स्वयंपाकघराच्या दाराशीं तर यंत्र मुळींच नको, कारण फोडणीचा तेलकट धूर आणि पीठ हीं दोन्हीं त्याचीं शत्रु आहेत. चामड्याचा पट्टा बोटानें दाबला असतां किंचित् दबला पाहिजे. फार सैल झाला तर पाव इंच कापून पुन्हां कडी अडकवावी. फार ताणला तर पाय भरून येतात. त्याला तेल लागलें कीं तो घसरतो, म्हणून तेल घालतांना तो जपावा. लहान मुलें असलेल्या घरांत काम संपतांच पट्टा चाकावरून उतरवून ठेवणें उत्तम.

नवशिक्या मुलीला एकदम कापड देऊं नये. हाताच्या चाकामधला मोठा स्क्रू सैल केला कीं नुसतें चाक फिरतें, सुई हालत नाहीं. अशा स्थितींत दोन दिवस पायपट्टीच चालवूं द्यावी. चाकाची वरची कड नेहमीं आपल्याकडेच यावी. तें उलट फिरलें कीं दोरा तुटलाच. मग दोऱ्यावांचून, रेघा मारलेल्या कागदावर सुई चालवावी.

आतां तेलाविषयीं. खोबरेल, गोडें तेल, एरंडेल यांपैकीं कांहींही यंत्रांत घालूं नये. तीं वाळून डिंकासारखीं घट्ट होतात, आणि निम्मीं 'बिघडलेलीं' यंत्रें याच घरगुती उदारपणाचीं बळी असतात. मशीनचें म्हणून जें पातळ, पाण्यासारखें तेल मिळतें तेंच घ्यावें. प्रत्येक छिद्रांत एक-दोन थेंब, त्याहून अधिक नाहीं. खालच्या पायपट्टीच्या सांध्यांनाही विसरूं नये. तेल घातल्यावर दोरा काढून यंत्र थोडा वेळ चालवावें, निथळलेलें तेल फडक्यानें पुसावें, आणि पहिले टांके चिंधीवर घालावे. रोज काम असेल तर तेल रोज, एरवीं आठवड्यानें. उन्हाळ्यांत काटकसर नको. यंत्र अगदींच जड झालें असेल तर आधीं रॉकेलचे थोडे थेंब सोडून चालवावें, काळा मळ निघेल तो पुसून घ्यावा व नंतर तेल द्यावें. त्या वेळीं जवळ चूल किंवा दिवा नसावा, हें सांगावयास नकोच. शटलच्या खोबणींतील कीस मऊ कुंचल्यानें काढावा. तेथें अडकलेला एक दोऱ्याचा तुकडाही सबंध यंत्र अडवून धरतो.

दोष दिसला कीं आमच्या घरांतून प्रथम हात जातो तो स्क्रूकडे. त्याच्याआधीं सुई पाहावी. कांचेवर ठेवून ती वांकडी आहे का तें बघावें. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर ती बदलावीच. सुईच्या एका अंगास लांब खांच असते. ज्या बाजूच्या शेवटच्या कडींतून दोरा सुईकडे येतो त्या बाजूस ती खांच राहिली पाहिजे. मलमलीला अकरा नंबर, साध्या सुती कापडाला चौदा, गणवेशाच्या जाड कापडाला सोळा. येथें पुष्कळजणी चादरीचा कांठ घरींच दुमडतात. त्यांनीं अठरा नंबरची सुई लावून टांका लांब ठेवावा, आणि जेथें घड्या चढतात तेथें पाय बाजूस ठेवून चाक हातानें फिरवावें.

सुई ठीक असेल तर दोरा पूर्ण काढून पुन्हां ओंवावा, आणि तोही कापड दाबणारा पाय वर उचलून, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांमध्यें नीट बसतो. कापडाखालीं दोऱ्याचें जाळें झालें म्हणजे बॉबिनचा दोष समजून तिच्या केसचा बारीक स्क्रू पिळतात. हा फार जुना गैरसमज आहे. खालीं जाळें दिसतें तें वरचा दोरा सैल असल्यामुळें. केसची परीक्षा सोपी आहे : दोरा धरून ती लोंबकळत ठेवावी, तिनें आपण होऊन घसरूं नये आणि हलका हिसका देतांच थोडी उतरावी. एवढें होत असेल तर त्या स्क्रूला हात लावण्याचें कारण नाहीं. दोरा वारंवार तुटत असेल तर त्याचा हातभर तुकडा ओढून पाहावा. जुना सुती दोरा हातांतच तुटतो, तो टाकून द्यावा; रिळें झांकणाच्या डब्यांत ठेवावीं. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला हा त्रास कमी.

विजेची मोटर बसविली असेल तर सुई बदलण्यापूर्वीं व तेल घालण्यापूर्वीं प्लग काढावा. नव्या तऱ्हेच्या विजेच्या यंत्रांत पुष्कळ भाग प्लॅस्टिकचे असतात. त्यांत सोबतच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल तेथेंच तेल घालावें, आपली बुद्धि चालवूं नये.

एकत्र कुटुंबांत यंत्राची निगा ही सर्वांची म्हणून कोणाचीच राहात नाहीं. कोणी चादर शिवून टेन्शन आंवळून ठेवतें, दुसऱ्या दिवशीं दुसरी त्यावर मलमलीचें झबलें घालते, आणि कापडाला चुण्या पडल्या कीं तिसरीला बोल लागतो. त्यापेक्षां तेल व सुया एकीच्या हवालीं असाव्या. ती थोरलीच असावी असें नाहीं, जिला त्याची आवड ती. खणांत लहानशी वही ठेवून तेल कधीं घातलें, सुई कोणत्या नंबरची लावली व केव्हां, हें लिहीत जावें. घरांतील पुरुषांना यांत लक्ष घालावयाचें असेल तर त्यांचें स्वागतच आहे. फक्त त्यांनीं पेंचकस हातीं घेण्यापूर्वीं ती वही वाचावी.

गणवेशांची घाई सरली आणि यंत्र कांहीं महिने बंद राहावयाचें असेल, तर वरचा दोरा व बॉबिन काढून घ्यावी, कीस झाडावा, सर्व छिद्रांत तेल द्यावें, सुई तेलकट फडक्यानें पुसावी. पायाखालीं चिंधीची घडी घालून पाय खालीं सोडावा, पट्टा उतरवावा आणि वर सुती आच्छादन घालावें. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीं पावसाळ्यांत ओल कोंडून गंज चढतो. महिन्यांतून एकदां चाक हातानें दहा-बारा वेळां फिरवून ठेवावें.