आधी नखं पाहा, मग कापा

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या आसपास जुनी घरं आहेत, तशी नव्या गुळगुळीत टाइल्सचीही आहेत. अशा फरशीवर पाळलेलं कुत्रं उठताना मागून घसरू लागलं की घरातलं कोणीतरी म्हणतं, "वय झालं आता त्याचं." शेजारी सल्ला देतात, "नखं वाढलीत, कापून टाका." या दोन वाक्यांमुळे अनेक कुत्री डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात.

म्हातारपणी पाय जातातच, हा पहिला गैरसमज. वय हा आजार नाही आणि मागचे पाय लटपटण्याची कारणं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते. त्याचा त्रास वर्षा-दीड वर्षाच्या पिल्लालाही होतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते. कुत्रं चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारतं आणि पुन्हा नीट चालू लागतं. डॅशहुंड, पग, शित्झू यांच्या मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो, तोही कधी कधी एका रात्रीत. जर्मन शेफर्डला साधारण आठ वर्षांनंतर मज्जारज्जू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार होऊ शकतो. त्यात वेदना नसतात, म्हणून तो लक्षात येत नाही. गोचिडांमुळे होणारा ताप तर कोणत्याही वयात येतो. सांधे सुजतात, अंग गळतं आणि कुत्रं उठायलाच तयार होत नाही. रक्त तपासून वेळेवर औषध सुरू केलं तर यातली बरीच कुत्री पूर्ववत चालतात. अशा कुत्र्याला 'म्हातारा' म्हणून कोपऱ्यात निजवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता नखांकडे येऊ, कारण मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते त्यांच्याविषयीच. नखं कापणं म्हणजे नटवणं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात लांब नख जमिनीला टेकलं की बोट वर ढकललं जातं, पंजाची पकड सुटते आणि कुत्रं अंगाचा तोल बदलून उभं राहतं. तरुण कुत्रं हे निभावून नेतं. ज्याचे खुबे आधीच दुखतात, ते फरशीवर फाकतं. घरात चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढली आहेत, हे नक्की.

पण कापण्याआधी मागचे पंजे हातात घेऊन नीट बघा. मधल्या दोन बोटांच्या नखांचा वरचा भाग घासून सपाट झालाय का? कधी तिथून रक्तही येतं. रस्त्यावर फिरून नखं झिजली, असा आपण अर्थ लावतो. चालण्यानं नख टोकाकडून झिजतं. वरच्या बाजूनं झिजलं असेल, तर कुत्रं पाय पुरेसा न उचलता ओढत आहे आणि बहुतेक वेळा दोष नसांमध्ये किंवा मज्जारज्जूत असतो. एक साधी तपासणी घरी करता येते. कुत्र्याला उभं करून पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा पंजा हळूच उलटा, त्याची वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवा. नसा ठीक असतील तर ते लगेच पंजा सरळ करतं. उलटा पंजा तसाच राहिला, तर त्या दिवशी नेलकटर बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा.

नखं काळी असली की आतला जिवंत भाग दिसत नाही, म्हणून ती कापूच नयेत, असंही म्हणतात. तसं नाही. एका वेळी एक-दोन मिलिमीटर कापत जा. कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबा. फार वाढलेलं नख एका बैठकीत लहान करू नका. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की आतला जिवंत भागही मागे सरकतो. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा मैदा दाबून धरा. माणसांच्या नेलकटरनं नख चिरडतं, कुत्र्यांसाठीचाच घ्या. अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, त्यामुळे कुत्र्याला कितीही फिरवलं तरी ते झिजत नाही आणि वळून कातडीत रुततं. पंजाखालचे केसही कापा आणि टाइल्सवर गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा. दुखऱ्या खुब्यांना याचा आराम लगेच मिळतो.

घरगुती उपायांत तेल आणि ऊन आघाडीवर. हलक्या हातानं चोळल्यानं कुत्र्याला बरं वाटेल, पण चकती जागेवर येणार नाही. उलट मणक्याचं दुखणं असताना पाठ दाबणं घातक आहे. ड जीवनसत्त्वासाठी उन्हात बसवण्याचा उपयोग जवळपास शून्य. कुत्र्याच्या कातडीत ते माणसासारखं पुरेसं तयार होत नाही. अंड्याचा बलक, काळीज, मासे अशा अन्नातूनच मिळावं लागतं. चाळिशी पार करणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात तर उठू न शकणारं कुत्रं उन्हात ठेवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. मोठ्या जातीच्या पिल्लाला तयार खाद्यावर वर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यास हाडांची वाढ बिघडते. दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लाचा आहार मात्र डॉक्टरांना विचारून सुधारायलाच हवा.

घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

पाय पूर्ण गेले म्हणजे सगळं संपलं, हेही खरं नाही. बोट चिमटल्यावर पाय मागे ओढला, एवढ्यानं संवेदना शाबूत आहे असं मात्र समजू नका. ती हालचाल मेंदूपर्यंत न जाताही होते. कुत्रं वळून बघतं का, कण्हतं का, हे डॉक्टर पाहतात. चकती सरकलेल्या कुत्र्यात ही जाणीव शिल्लक असेल तर वेळेत शस्त्रक्रिया केल्यावर बहुतेक पुन्हा चालतात. ती गेलेली असली तरी साधारण निम्म्यांना आशा असते. एकेक दिवस गेला की ती आशा घटते. अशा कुत्र्याला सपाट फळीवर आडवं ठेवून न्या. इंदूर-इच्छापूर रस्त्यानं वर गेलं की इंदूरजवळ महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि एक इशारा. लस न दिलेल्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. हा रेबीजचा मुका प्रकार असू शकतो, त्यात कुत्रं पिसाळल्यासारखं अंगावर येत नाही. कुत्रं चावलं असेल किंवा जखमेला लाळ लागली असेल तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.